गोव्यातलं कोन्सुआदचं ताट



नाताळ जवळ आला, की दुकानांच्या काचेमागे महागड्या भेटी दिसू लागतात. पण गोव्यातल्या गावांमध्ये सणाची भेट स्वयंपाकघरातून निघते. तिचं नाव कोन्सुआद.

कोन्सुआद म्हणजे गोडाधोडाचं ताट.

त्यात नेवऱ्या असतात. कुलकुल असतात. बेबिंका असते, दोदोल असतो. हे ताट शेजारी पोचतं. शेजारी हिंदू असले, तरी जातंच. चतुर्थीला त्यांच्याकडचा फराळ आलेला असतो ना!

आता कुलकुल घ्या. पिठाची छोटी गोळी काट्याच्या किंवा नव्या कंगव्याच्या दातांवर दाबायची. मग ती गुंडाळायची. काम सोपं, पण वेळखाऊ. म्हणून मुलं, आजी, शेजारीण, सगळ्यांचे हात लागतात.

दोदोलाचं काम मात्र दंडांचं! तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ. मिश्रण ढवळत राहायचं, अगदी तेल सुटेपर्यंत.

बेबिंकेला अंडी आणि तूप सढळ लागतं, हे खरं. तरीही ही भेट महाग नाही. तिच्यात जास्त जाते ती मेहनत.

ज्या घरात नुकतंच कुणी गेलेलं असतं, तिथे गोडधोड करत नाहीत. त्या घरी शेजाऱ्यांचं ताट आवर्जून पोचतं.

सजावटही महाग नाही. नाचणी पेरली, की थोड्याच दिवसांत येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याचं हिरवं गवत तयार. बांबूच्या कामट्या आणि रंगीत कागद, झाला तारा! या गोठ्यांच्या आणि ताऱ्यांच्या स्पर्धाही गावोगावी लागतात.