तार बदला, नंबर सोडू नका
(मंडळाच्या सर्वसाधारण सभेत कार्यकारिणीतर्फे झालेले भाषण)



आजच्या विषयपत्रिकेवर 'टेलिफोन' हा शब्द पाहून एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले की मंडळाला आता हेही काम उरले का? उरले आहे. सभासद-यादी नव्याने छापायला घेतली, तेव्हा 0265 चे कितीतरी नंबर लागेनात. माणसे होती तिथेच आहेत, दांडिया बाजारात, रावपुऱ्यात. नंबर मात्र गेले. ज्या नंबरावर लग्नाची बोलणी झाली, परदेशी गेलेल्या मुलांनी पहिला फोन केला, तो नंबर एका सहीने गेला.

एका घरी झाले ते सांगतो. एका कंपनीचा माणूस फायबर घ्या म्हणून आला. "काका, लँडलाइन पण मिळेल," म्हणाला. मिळाली, पण नवा नंबर घेऊन! तोवर काकांनी जुने कनेक्शन बंद करण्याचा अर्ज देऊन टाकला होता. तो माणूस खोटे बोलला असे म्हणता येत नाही. 'लँडलाइन मिळेल' आणि 'तुमचा नंबर राहील' ही दोन वेगळी वाक्ये आहेत, एवढेच.

फायबर घेऊ नका, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तांब्याच्या तारेचे दिवस संपत आले. पावसाळ्यात जोडांत पाणी शिरून होणारी खरखर आपण सर्वांनी ऐकली आहे. एक्स्चेंज लांब असले की त्या तारेवरचे इंटरनेट मंदावते. त्यात जानेवारी 2020 अखेर भारत संचार निगमचे सुमारे 78 हजार कर्मचारी स्वेच्छानिवृत्तीने गेले. कोणत्या खांबावर कोणाची जोडी आहे हे तोंडपाठ असणारे लाइनमनही त्यांच्याबरोबर गेले. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, त्याला पाण्याचे भय नाही आणि शहरातल्या अंतराचेही नाही. (देशातील टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी अशी पहिली तार 1979 साली पुण्यात पडली, हे आपल्यापैकी पुण्याच्या सासरवाल्या भगिनी अभिमानाने सांगू शकतील.)

पण काचेतून वीज जात नाही. इथेच मेख आहे. जुन्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून 48 व्होल्टचा प्रवाह तारेतूनच मिळत असे, म्हणून घरात अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरवर फोन जोडतात तो घरातल्या मोडेमला, आणि मोडेम चालतो घरच्या विजेवर. वीज गेली की इंटरनेट गेले आणि फोनही गेला.

ऑगस्ट 2024 आठवा. विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि सखल भागांत वीज बंद करावी लागली. मोबाइलची बॅटरी उतरली की चार्ज कुठे करणार? वरच्या मजल्यावर एकटे आजी-आजोबा आणि मुलगा न्यू जर्सीत, अशी घरे आपल्यात थोडी नाहीत. म्हणून आम्ही कळकळीने सांगतो की फायबर घेतलेत तर मोडेमसाठी छोटा यूपीएस त्याच दिवशी घ्या. मोडेमला वीज फार लागत नाही, म्हणून हा छोटा यूपीएसही काही तास काढतो. इन्व्हर्टर असेल तर मोडेमचा प्लग त्याच्याच लाइनवर आहे ना, ते वायरमनकडून पाहून घ्या. पुरात तोही पुरणार नाही, म्हणून एक साधा बटणांचा मोबाइल चार्ज करून कपाटात ठेवावा.

आता नंबराविषयी. मोबाइलवाल्याला 2011 पासून कंपनी बदलून नंबर ठेवण्याचा हक्क आहे. लँडलाइनला असा हक्क नाही. भारत संचार निगमच्या जुन्या ग्राहकाला त्यांचेच फायबर घेताना बहुधा तोच नंबर मिळतो. दुसऱ्या कंपनीकडे गेलात तर नाही. चाळीस वर्षे बिल भरणाऱ्याचा नंबर त्याचा नाही आणि काल सिम घेतलेल्याचा आहे, हा कोणता न्याय? याविषयी मंडळातर्फे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे आणि आपल्या खासदारांकडे निवेदन पाठवण्याचा ठराव आज मांडत आहोत. हा प्रश्न मराठी-गुजराती असा नाही, शेजारच्या पोळीतल्या मंडळींच्याही सह्या घ्या.

निवेदनाचे उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर अर्जावरच 'जुना नंबर कायम' असे लिहून पोच घ्या. कंपनी बदलत असाल तर जुने कनेक्शन लगेच तोडू नका, महिना-दोन महिन्यांचे बिल अधिक जाईल, जाऊ द्या. तार खरोखर घरापर्यंत काचेची येते का तेही विचारा, कारण काही ठिकाणी ती इमारतीच्या जिन्यापर्यंतच येते, पुढे साधी केबल असते, आणि जिन्यातल्या पेटीची वीज गेली तर तुमचा यूपीएस कामाचा नाही. गोल चकतीचा जुना फोन पुष्कळ मोडेमवर वाजतो खरा, पण त्यावरून नंबर फिरवता येत नाही. तो शोभेला ठेवा.

सर्वांत मोठी अडचण मात्र नावाची आहे. आपल्या कितीतरी घरांत बिल आजही दिवंगत आजोबांच्या नावाने येते. कोणी बदलले नाही, बदलवेनासेही वाटले असेल. पण फायबरचा अर्ज करताना ओळखपत्र लागते, आणि आजोबांची सही आता कोण करणार? आधी कनेक्शन वारसाच्या नावावर करून घ्यावे लागेल. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची लेखी संमती तयार ठेवा. भावंडांत बोलणे नसेल तर मंडळाचे ज्येष्ठ मध्यस्थी करतील, आजवर घरांच्या वाटण्यांतही केलीच आहे.

चहानंतर कार्यालयात बसून अर्ज लिहून देऊ. शेवटचे बिल बरोबर आणले नसेल, त्यांनी ते रविवारी सकाळी घेऊन यावे.