राजधानीतील दोन उमेदवार

नव्या माणसाला कचेरीत एकदम जबाबदारीची जागा द्यावयाची नाही, त्याने आधी एका खात्यात, मग दुसऱ्या खात्यात बसून कागद पाहावेत, जुन्या कारकुनांकडून कामाची रीत शिकून घ्यावी आणि मग त्याला कायम करावे, ही पद्धत आपल्याकडे फार जुनी आहे. मराठीत तिला उमेदवारी म्हणतात. आजची मुले ‘इंटर्न’ हा शब्द वापरतात. शब्द बदलला, अवस्था बदललेली नाही. त्यातून उमेदवार परमुलखातून आलेला असला म्हणजे त्याची अवस्था अधिकच बिकट होते. कचेरीचे काम त्याला कोणीतरी समजावून सांगतो. परंतु रात्री कोठे निजावे, जेवण कोठे मिळेल, तहान लागली तर पाणी कोणाकडे मागावे, या गोष्टी नेमणुकीच्या हुकुमात लिहिलेल्या नसतात. त्या सर्वस्वी शहरातील माणसांवर सोपविलेल्या असतात.

श्रोतेहो, अशा दोन उमेदवारांची हकिकत आज सांगावयाची आहे. दोघेही विलायतेहून उतरले आणि थेट बडोद्यास गेले. दोघांनाही नेमणूक दिली ती सयाजीराव महाराजांनी. दोघांच्या येण्यात चोवीस वर्षांचे अंतर आहे.

बडोदे ही तेव्हा गायकवाडांची राजधानी होती. १९४९ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शहर गुजराती, दरबार मराठी. बाजारात एक भाषा आणि वाड्यात दुसरी. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेला एक मुलगा १८७५ साली दत्तक येऊन तेथे गादीवर बसला आणि पुढे हिंदुस्थानातील अतिशय जाणत्या राजांमध्ये त्याची गणना झाली. हुशार तरुण दिसला की त्याला आपल्या राज्यात आणावयाचे, ही महाराजांची हौसच होती म्हणा ना.

पहिला उमेदवार १८९३ च्या फेब्रुवारी महिन्यात आला. वय वीस वर्षांचे. नाव अरविंद घोष. जन्माने बंगाली, परंतु त्याला हिंदी म्हणावे की इंग्रज म्हणावे, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडला असता. वडिलांनी सातव्या वर्षी त्याला विलायतेत नेऊन मँचेस्टरच्या एका धर्मोपदेशकाच्या घरी ठेवले होते, आणि मुलांचा हिंदी माणसांशी संबंध येऊ देऊ नये, अशी सक्त सूचना देऊन ठेवली होती. लंडनमधील सेंट पॉल्स शाळा, मग केंब्रिज. ग्रीक आणि लॅटिन उत्तम. मातृभाषा मात्र जवळजवळ येत नव्हती. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा तो उत्तीर्ण झाला, परंतु घोड्यावर बसण्याच्या परीक्षेला हजर राहिला नाही आणि ती नोकरी गेली. त्याच सुमारास महाराज लंडनमध्ये होते. तेथेच बोलणे झाले आणि दरमहा दोनशे रुपयांवर नेमणूक ठरली. सिव्हिल सर्व्हिसच्या तोलाचा माणूस दोनशे रुपयांत मिळाला, याचे महाराजांना मोठे समाधान वाटले. राजे झाले तरी हिशेब त्यांनाही कळतो.

अरविंदबाबूंची उमेदवारी सर्व्हे सेटलमेंट खात्यात सुरू झाली. तेथून स्टँप व महसूल, पुढे सचिवालय, असा त्यांचा प्रवास झाला. कविता लिहिणाऱ्या त्या तरुणाला जमाबंदीच्या कागदांत गोडी वाटली नसली, तर त्याला दोष कोणी द्यावा? पुढे बडोदे कॉलेजात प्रथम फ्रेंच आणि मग इंग्रजी शिकविण्याचे काम मिळाले, तेव्हा ते खऱ्या अर्थाने रुळले. परंतु रुळले याचे श्रेय केवळ कॉलेजला देता येणार नाही. खासेराव जाधव नावाचे, स्वतः विलायतेत शिकून आलेले एक मराठे अधिकारी बडोद्यास होते. त्यांच्या घरी अरविंदबाबू अनेक वर्षे राहिले. खासेरावांचे बंधू माधवराव हे त्यांचे जिवलग मित्र झाले. केंब्रिजचे स्नेही केशवराव देशपांडे मुंबईस ‘इंदुप्रकाश’ची इंग्रजी बाजू सांभाळीत, त्यांच्या आग्रहाने अरविंदबाबूंनी त्या पत्रात १८९३–९४ साली राजकारणावर जळजळीत लेख लिहिले. पुढे देशपांडेही बडोदे संस्थानच्या नोकरीत आले.

१८९८ साली दिनेंद्रकुमार रॉय नावाचे एक बंगाली लेखक अरविंदबाबूंची बंगाली भाषा पक्की करून देण्यासाठी बडोद्यास येऊन राहिले. त्यांच्या आठवणी प्रसिद्ध आहेत. लोखंडी खाट, साधे कपडे, मुंबईहून पेट्या भरभरून येणारी पुस्तके, आणि डास चावत असले तरी दिव्यापाशी मध्यरात्र उलटेपर्यंत चाललेले वाचन, असे चित्र त्यांनी रेखाटले आहे. ज्याला स्वतःची भाषा येत नव्हती अशा परक्या मुलाला या शहराने तेरा वर्षांत बंगाली, संस्कृत, मराठी आणि गुजराती अशा चार भाषा दिल्या. १९०६ साली ते बडोदे सोडून कलकत्त्यास गेले. त्यानंतरची कथा सर्वांना ठाऊक आहे.

आता दुसरा उमेदवार.

हा १९१७ च्या सप्टेंबर महिन्यात आला. वय सव्वीस वर्षांचे. हा मात्र जन्माने मराठीच, आणि बडोदेही त्याला अगदी नवे नव्हते. १९१३ च्या जानेवारीत तो येथे नोकरीस आला होता. पण थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली, तो मुंबईस गेला आणि २ फेब्रुवारीला वडील वारले. त्याच वर्षी महाराजांनी त्याला शिष्यवृत्ती दिली. करार असा की, शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावयाची. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षे, नंतर लंडनमध्ये अर्थशास्त्र आणि बॅरिस्टरीचा अभ्यास, असे चालले असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परत यावे लागले. महायुद्ध चालू होते. ज्या बोटीवर त्याचे सामान होते ती पाणतीराने बुडाली आणि जमविलेली पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. सामानाची जी नुकसानभरपाई मिळाली, तिच्यातून बडोद्याच्या प्रवासाचा खर्च निघाला, असे चरित्रकार धनंजय कीर यांनी लिहिले आहे. या उमेदवाराचे नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांनी या मुक्कामाची हकिकत पुढे इंग्रजीत स्वतः लिहून ठेवली. त्यांच्या हयातीत ती छापली गेली नाही. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या नावाने ती पुस्तिका १९९० साली प्रसिद्ध झाली. चरित्रकार त्यांची नेमणूक महाराजांचे लष्करी सचिव म्हणून झाली असे सांगतात. स्वतः बाबासाहेब मात्र आपण अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार होतो असे लिहितात. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात अनुभव देऊन पुढे त्यांना अर्थमंत्री करावे, असा महाराजांचा मानस होता म्हणतात. म्हणजे पुन्हा तीच उमेदवारी. पहिल्या उमेदवारापेक्षा अधिक पदव्या आणि अधिक मोठा हेतू.

स्टेशनवर त्यांना उतरवून घ्यावे असा महाराजांचा हुकूम होता. कोणी आले नाही. जावयाचे कोठे, हा प्रश्न स्टेशनावरच उभा राहिला. अमेरिकेत आणि विलायतेत काढलेल्या चार वर्षांत आपण अस्पृश्य आहो ही जाणीवच त्यांच्या मनातून पुसून गेली होती. बडोद्याच्या फलाटावर ती परत आली. शहरात हिंदूंच्या खानावळी होत्या. तेथे खोटे नाव सांगितल्याशिवाय प्रवेश नव्हता, आणि खोटेपणा उघडकीस आला तर काय होईल हे त्यांना ठाऊक होते. पारशी लोकांत अस्पृश्यता नाही, असा विचार करून त्यांनी गाडीवाल्यास पारशांच्या पांथशाळेकडे चलण्यास सांगितले.

त्या पांथशाळेची देखरेख करणारा एक म्हातारा पारशी तळमजल्यावर राही. पाहुणा वर गेला, त्याने कोट उतरविला. अंगात सदरा नाही, कमरेला कस्ती नाही, हे म्हाताऱ्याच्या ध्यानात आले. पारशी नसेल त्याला येथे राहता येत नाही, असे त्याने सांगितले. पुष्कळ विनवणी झाली. शेवटी तोड निघाली ती अशी: नोंदवहीत एक पारशी नाव लिहावयाचे, आणि राहण्याजेवण्याचे रोज दीड रुपया द्यावयाचे. कित्येक दिवसांत एकही उतारू आला नव्हता. म्हाताऱ्यालाही चार पैसे हवे होते. अशा रीतीने कोलंबियाचा पदवीधर, गायकवाड सरकारचा अधिकारी, आपल्याच धन्याच्या राजधानीत परक्या नावाने राहू लागला.

वरच्या मजल्यावर एक लहान खोली, एक न्हाणी, आणि बाकीचे एक विस्तीर्ण दालन. त्या दालनात फळ्या, बाके, मोडक्या खुर्च्या यांचा ढीग. विजेचे दिवे नव्हते, तेलाचेही नव्हते. म्हातारा रात्री एक कंदील वर आणून ठेवी, त्याचा उजेड चार हातांपलीकडे जात नसे. अंधारात वटवाघळे फडफडत. सकाळी दहाला कचेरीत जावयाचे, बाहेर राहता येईल तितके राहावयाचे आणि रात्री आठला त्या जागेत परतावयाचे. बोलावयास माणूस नाही. थोडे दिवस बहिणीचा मुलगा सोबतीला होता, तोही गेला.

आणि कचेरी? तेथील शिपाई कागदांचे गठ्ठे लांबूनच त्यांच्या मेजावर फेकीत, आणि तेथे पिण्याचे पाणी त्यांना मिळत नसे, असे कीर लिहितात. ज्या महाराजांनी १८८० नंतरच्या दशकातच अंत्यजांसाठी शाळा काढल्या, १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, त्यांच्याच कचेरीतील ही गोष्ट आहे. अंत्यजांच्या त्या पहिल्या शाळांना हिंदू शिक्षक मिळेनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले होते. हुकूम निघतो दिवाणाच्या सहीने. पाण्याचा तांब्या असतो शिपायाच्या हातात.

अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीस निघत असताना जिन्यावर पुष्कळ पावले वाजली. दहाबारा पारशी, प्रत्येकाच्या हातात काठी. तू कोण, येथे का आलास, आमची जागा बाटविलीस, असा भडिमार झाला. नाव खोटे, तेव्हा उत्तर काय देणार? ते मुकाट उभे राहिले. सरकारी घर मिळावे म्हणून त्यांनी अर्ज केलेला होता, म्हणून आठ दिवसांची मुदत मागितली. मिळाली नाही. संध्याकाळी येथे दिसता कामा नये, असे बजावून मंडळी गेली. मंत्र्याकडे घराविषयी विचारले तर यथावकाश विचार केला जाईल, एवढेच उत्तर होते.

शहरात त्यांचे दोन मित्र होते. एक हिंदू, एक ख्रिस्ती. हिंदू मित्राला हकिकत ऐकून वाईट वाटले, रागही आला. पण बोलता बोलता तो म्हणाला की, तुम्ही माझ्याकडे आलात तर माझे नोकर निघून जातील. बाबासाहेबांनी पुढे शब्द टाकला नाही.

ख्रिस्ती मित्राने पूर्वी एकदा आपण होऊन त्यांना घरी राहावयास बोलाविले होते. तेव्हा त्यांनीच नको म्हटले होते. आता गरज होती. मित्राचे उत्तर असे की, पत्नी उद्या बडोद्यास येणार आहे, तिला विचारावे लागेल. ते जोडपे मूळचे ब्राह्मण. धर्मांतरानंतर नवऱ्याची मते उदार झाली होती, बायकोचा सोवळेपणा गेला नव्हता; हे बाबासाहेबांना मागाहून कळले. या उत्तराकडे आपल्यातील ख्रिस्ती घरांनी विशेष लक्ष द्यावे. काठ्या घेऊन आलेल्यांना दोष देणे सोपे आहे, नोकरांची सबब सांगणाऱ्यालाही सोपे आहे. परंतु ज्या घरात परक्याला आसरा देणे हा धर्माचाच भाग म्हणून दर रविवारी सांगितला जातो, त्या घराचेही दार ‘उद्या’ या शब्दाने बंद झाले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने त्या घरातील जात धुतली गेली नव्हती, इतकाच याचा अर्थ. हिंदू मित्राच्या उत्तरात निदान आडपडदा नव्हता.

येथे पहिल्या उमेदवाराची आठवण होते. अरविंदबाबूंना मराठी येत नव्हते, तरी मराठ्याच्या घरी पाट मिळाला. या दुसऱ्याची भाषा घरची, नेमणूक त्याच दरबारची, विद्या तितकीच मोठी. १८९३ साली दार उघडणारे एक खासेराव जाधव होते. १९१७ साली साऱ्या राजधानीत कोणी निघाला नाही.

ख्रिस्ती मित्राच्या घरून निघाले तेव्हा दुपारचे चार वाजले होते. मुंबईची गाडी रात्री नऊची. मधले तास शहराच्या कडेला असलेल्या कामाठी बागेत गेले. १८७९ साली महाराजांनीच प्रजेसाठी केलेली ही बाग. तिला सयाजीबागही म्हणतात. तेथे बसून त्यांना आईवडील आठवले. आई लहानपणीच गेलेली, आणि वडिलांच्या आजाराची तार चार वर्षांपूर्वी याच गावी आलेली. ते रडले. त्या दिवसाच्या स्मरणार्थ आता दरवर्षी २३ सप्टेंबरला बडोद्यात पुष्कळ लोक जमतात.

आठ वाजता ते गाडी करून पांथशाळेत आले आणि सामान खाली आणविले. म्हातारा पारशी बाहेर येऊन उभा राहिला. आपल्यामुळेच या माणसावर हा प्रसंग आला, असे त्याला वाटत असावे. दोघांच्याही तोंडून शब्द निघेना. बाबासाहेबांनी हिशेबाचे पैसे त्याच्या हातावर ठेवले. त्याने ते न बोलता घेतले, आणि गाडी स्टेशनकडे वळली.