सुनेची भाषा कोण शिकणार?



वर्ध्याचे नाव भाषेच्या चळवळीशी कायमचे जोडलेले आहे. १९३६ साली येथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली आणि महात्मा गांधींच्या नावाचे हिंदी विद्यापीठही १९९७ साली येथेच निघाले. भाषेने माणसे जोडावीत, ही या भूमीची शिकवण. परंतु या शिकवणीची खरी परीक्षा व्यासपीठावर होत नाही. ती घराच्या उंबऱ्याआत होते.

समजा, आंतरभाषिक विवाह करून एखादी तेलुगू किंवा गोंडी बोलणारी मुलगी मराठी घरात आली. वर्षभरात ती मराठी बोलू लागते. तिच्या उच्चारांना घरची मंडळी हसतात, तीही हसून साजरे करते. वीस वर्षांनी नवऱ्याला विचारावे, तर त्याला तिच्या भाषेत ‘जेवलीस का?’ एवढेही विचारता येत नाही. कारणे मात्र तयार असतात : वेळ मिळाला नाही, जीभ वळत नाही, तिला मराठी येतेच की!

हाच गृहस्थ नोकरीतील बढतीसाठी इंग्रजीचे वर्ग लावतो, व्यापारासाठी हिंदी बोलतो. त्याची जीभ अडते ती केवळ पत्नीच्या भाषेपाशी. ज्या भाषेमागे सत्ता आणि पैसा, ती शिकण्याजोगी. जिच्यामागे केवळ एक स्त्री, ती अनावश्यक. हा आळसाचा प्रश्न नाही, विषमतेचा आहे.

घराला एक समाईक भाषा हवी, हे मान्य. पण तिची किंमत एकाच व्यक्तीने का मोजावी? सासुरवाडीची माणसे आली की जावई मुका होतो, ही थट्टेची गोष्ट ठरते. सून मात्र आयुष्यभर परक्या भाषेत भांडते, परक्या भाषेत रडते. आई जी भाषा घरात एकटीच बोलते, ती मुले ऐकतात, पण बोलत नाहीत. गोंडी, कोलामीसारख्या भाषांच्या वाटेला हेच येते.

घरात जे घडते, तेच देशात घडले. १९१८ साली देवदास गांधी हिंदी शिकवायला मद्रासला गेले. दक्षिणेतील असंख्य लोक हिंदी शिकले. १९६८ च्या त्रिभाषा सूत्राने हिंदी राज्यांकडून दक्षिणेतील एखाद्या भाषेची अपेक्षा केली, तेव्हा बहुतेक ठिकाणी संस्कृतवर भागवण्यात आले. शिकायचे दुसऱ्याने, हा सुनेचा नियम राष्ट्रालाही लागू झाला.

याउलट उदाहरणही वर्ध्यातलेच आहे. संस्कृत गीता आईला समजत नव्हती, म्हणून तिच्या इच्छेची आठवण ठेवून विनोबांनी १९३० साली ‘गीताई’ लिहायला घेतली. पुढे तुरुंगात त्यांनी दक्षिणेतील भाषाही शिकून घेतल्या. आजन्म ब्रह्मचारी राहिलेल्या माणसाने इतक्यांच्या भाषा शिकाव्यात आणि संसारी माणसाला एका पत्नीची भाषा जड व्हावी, हे नवलच!

आंतरजातीय आणि आंतरभाषिक विवाहांना कार्यकर्ते हजर राहतात, टाळ्या वाजवतात, हे चांगलेच. परंतु विवाह नोंदवला म्हणजे समता आली असे नव्हे. नवऱ्याने पत्नीची भाषा चुकतमाकत बोलावी आणि तिला हसू द्यावे. आजवर ती ज्या चुकांसाठी हसली गेली, त्या आता त्याने कराव्यात. समतेचा पहिला धडा तेथूनच सुरू होईल.