शतपावली आणि जोरबैठका
भोजनानंतर रक्तात उतरलेल्या शर्करेचा मोठा हिस्सा ज्या स्नायूंच्या कोठारात जमा व्हावयाचा, त्याचे दार एरवी इन्शुलिनच्या हुकुमावाचून फारसे उघडत नाही. परंतु स्नायू आकुंचन पावू लागले की तेच दार त्या हुकुमाची वाट न पाहता उघडते, आणि म्हणूनच जेवणानंतरची शतपावली, मग ती दहा-पंधरा मिनिटांचीच का असेना, मधुमेह्यास हितावह ठरते. जोरबैठकांनी मांड्या-दंड पुष्ट होऊन कोठारच विस्तारते. भरभर चालण्याने, पोहण्याने मेदाचे ज्वलन सुधारते. साखर उतरवण्याचा व्यायामाचा हा अंमल मात्र एक-दोन दिवसांतच ओसरू लागतो. रविवारी गड चढून पुढे लोडाला टेकणाऱ्यास तो गुरुवारपर्यंत पुरत नाही! जागतिक आरोग्य संघटना प्रौढांस आठवड्यास किमान 150 मिनिटे मध्यम श्रम सांगते. इन्शुलिन टोचून घेणाऱ्यांनी, साखर एकाएकी उतरण्याचा संभव असल्याने, डॉक्टरांस आधी विचारावे.