खेड्यातील बालके आणि औषधांची पारख
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



विषय आरोग्याचा आणि बोलणारा निवृत्त शिक्षक, हा योग काहींना विचित्र वाटेल. परंतु हा प्रश्न जितका वैद्यकाचा आहे तितकाच समजुतीचा आहे; आणि समजावून सांगणे हा तर शिक्षकाचा धर्मच होय.

बालक म्हणजे लहान आकाराचा प्रौढ मनुष्य नव्हे. त्याचे यकृत व मूत्रपिंडे वाढीच्या अवस्थेत असतात. म्हणून मोठ्यांच्या गोळीचा तुकडा करून मुलास देणे हे शास्त्र नव्हे. बालकांच्या औषधाची पारख अखेर बालकांमध्येच करावी लागते. मात्र 'प्रयोग' हा शब्द कानी पडताच आईच्या काळजात धस्स होते, आणि ते स्वाभाविकच आहे.

तथापि दुसरी बाजूही पाहावी. रोटाविषाणूमुळे होणाऱ्या अतिसारावरील तोंडावाटे द्यावयाच्या लसी श्रीमंत देशांत जेवढा गुण देतात, तेवढा गरीब देशांत देत नाहीत. सबब परदेशातील आकड्यांवर विसंबून चालत नाही. २०११ साली आपल्या देशात तयार झालेल्या अशा लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळील वढू परिसरातील खेडी येथे सुरू झाली. तीत ६,७९९ अर्भके सहभागी झाली. पहिल्या वर्षात तीव्र अतिसारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळते असे दिसून आले, आणि २०१६ पासून ही लस सरकारी लसीकरणात येऊ लागली. खेड्यातील बालके त्या चाचणीत नसती, तर खेड्यासाठी तिचा उपयोग किती, हे कोणी छातीठोकपणे सांगितले असते?

गडचिरोलीचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा करण्यास शिकविले आणि इतर ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला, आणि २०११ साली ही पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर स्वीकारण्यात आली. ज्ञान शहरातूनच खेड्याकडे जाते, हा समज त्या गावांनी खोटा ठरविला.

परंतु नाण्याची दुसरी बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. खम्मम व वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा प्रकल्प २०१० साली थांबवावा लागला. मध्यंतरी झालेल्या काही मुलींच्या मृत्यूंचा लसीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण खम्मममध्ये अनेक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या व मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. शिक्षक म्हणून मला याची विशेष खंत वाटते. गुरुजींवर गावाचा विश्वास असतो. परंतु तो विश्वास म्हणजे आईबापांचा अधिकार नव्हे. दुधाने तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, तसे मग चांगल्या कामाकडेही लोक संशयाने पाहू लागतात.

म्हणून माझी विनंती एवढीच. गावात कोणी अशा चाचणीसाठी आले, तर दार लावू नका आणि डोळे मिटून अंगठाही उठवू नका. चाचणी नैतिक समितीने मंजूर केली आहे काय व सरकारी नोंदवहीत तिची नोंद आहे काय, हे विचारा. अपाय झाल्यास मोफत उपचार व भरपाई कोण देणार, हे २०१९ च्या नियमांचा आधार घेऊन विचारा. कागद मराठीत वाचून मागा. सात वर्षांवरील मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो, हे विसरू नका. आणि केव्हाही माघार घेण्याचा तुम्हांस हक्क आहे. त्यामुळे मुलाच्या नेहमीच्या उपचारास बाधा येता कामा नये.

आपल्या ज्ञातीतील शिकलेल्या तरुणांनी सुटीत गावी गेल्यावर असे कागद शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचून दाखवावेत. मग तो शेजारी कोणत्याही जातीचा असो. विद्येचा याहून सोपा विनियोग मला तरी ठाऊक नाही.