‘एअरपोर्टवर होते’

1949 च्या जानेवारीत, रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास नागपूरला सोनेगावच्या धावपट्टीवर उतरे. चारही विमानांतल्या टपालाच्या पिशव्यांची तिथे अदलाबदल होई आणि उजाडायच्या आत विमाने आपापल्या शहरांकडे परत फिरत. मुंबईत आज टाकलेले पत्र उद्या कलकत्त्यात वाचले जाई ते या मध्यरात्रीच्या खटाटोपामुळे. देशाच्या मधोमध असण्याचा नागपूरला झालेला हा लाभ रेल्वेच्या जंक्शनाइतकाच मोठा होता, पण तो रात्री होत असल्यामुळे फारसा कोणाच्या डोळ्यांवर आला नाही.

सोनेगावचा विमानतळ नागपूरच्या वर्धा रस्त्याला लागून आहे. नागपूरहून निघालेली रेल्वे खापरी, बुटीबोरी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड करीत सेवाग्राम आणि वर्ध्याला येते. या मार्गावर अपडाऊन करणाऱ्या नोकरदारांत शाळामास्तर होते, रेल्वेचे लोक होते, बँकवाले होते; विमान कंपनीत लागलेले मूठभर लोकही होते. अशांच्या घरात आज भिंतीवर हार घातलेला फोटो असतो. आजोबा काय करीत असत, असे नातवाला विचारले तर उत्तर तयार असते: एअरपोर्टवर होते. हे उत्तर पुरेसे नाही. एअरपोर्टवर घारीही असतात, आणि त्यांना हाकलायला माणूस नेमलेला असतो. आजोबा तो माणूस होते का, एवढे तरी घरात ठाऊक असायला हवे.

विमान कंपनीतील बहुसंख्य माणसे कधी उडत नाहीत. वैमानिक आणि हवाई सुंदरी लोकांना दिसतात, म्हणून तेवढेच आठवतात. जमिनीवर मात्र प्रवाशांची नावे यादीशी ताडून पाहणारा ट्रॅफिक असिस्टंट असतो, सामान चढवणारा लोडर असतो, चाकांना लाकडी ठोकळे लावणारा आणि काढणारा मदतनीस असतो, इंजिन उघडणारा मेकॅनिक असतो, आणि ‘विमान उडण्यास योग्य’ असे लिहून खाली सही करणारा परवानाधारक अभियंता असतो. या प्रत्येकाचे हत्यार वेगळे, कपड्यांवरचे डाग वेगळे, आणि निवृत्तीनंतर दुखणारा सांधाही वेगळा. लोडरची कंबर जाते. वर्षानुवर्षे चालू इंजिनाशेजारी उभा राहिलेला माणूस म्हातारपणी मोठ्याने बोलतो, कारण त्याला कमी ऐकू येते. घरचे मात्र म्हणतात, आबांचा आवाजच मोठा.

या सगळ्यांत एक काम समजून घेण्यासारखे आहे, ते म्हणजे वजनाचा तोल. रात्रीच्या टपालासाठी सुरुवातीची बरीच वर्षे डकोटा विमाने वापरली जात. डकोटाला शेपटाखाली लहान चाक असते. त्यामुळे ते जमिनीवर उभे असताना नाक वर आणि शेपूट खाली अशा अवस्थेत असते. दार मागच्या बाजूला. म्हणजे आत शिरले की पुढे जाणे म्हणजे चढ चढणे. टपालाची पिशवी खांद्यावर घेऊन, वाकून, तो चढ चढायचा, पिशवी ठरल्या जागी ठेवायची, पट्ट्याने आवळायची आणि पुन्हा खाली यायचे. एका रात्रीत किती फेऱ्या होत याचा हिशेब कुठे लिहिलेला नाही. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीही पुरता निवलेला नसे, एवढे मात्र विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

ठरली जागा म्हणजे काय, हे बैलबंडीवरून लवकर कळते. कापसाने भरलेली बंडी हिंगणघाटच्या किंवा पुलगावच्या जिनिंगकडे निघते तेव्हा भरणारा नुसते भरत नाही. आखाच्या मागे वजन जास्त झाले की बंडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसू लागतो. पुढे जास्त झाले की सगळा भार बैलांच्या मानेवर येतो आणि दोन कोसांत जनावर बसते. जाणता माणूस भरून झाल्यावर जू हाताने उचलून पाहतो. ते फार हलके नाही, फार जड नाही, असे लागले की बैल जुंपतो. विमानाचेही असेच. फरक एवढाच की बंडीचा तोल बिघडला तर ती रस्त्याच्या कडेला उभी करून चार गोण्या पुढे सरकवता येतात. विमानाला रस्त्याची कडा नसते.

म्हणून तिथे हाताऐवजी कागद असतो. त्याला ट्रिम शीट म्हणतात. प्रवासी किती आणि कोणत्या रांगेत, सामान किती, टपाल किती, इंधन किती, हे सगळे त्यावर मांडतात. नुसते वजन धरून भागत नाही. ते टेकूपासून किती लांब आहे हेही पाहावे लागते. 20 किलोची पिशवी 5 मीटर मागे ठेवली तर तिचा जेवढा परिणाम होतो तेवढाच 1 मीटरवर ठेवलेल्या 100 किलोचा होतो. सगळ्यांची बेरीज ठरलेल्या हद्दीत बसली तर कॅप्टन सही करतो. नागपुरात हा हिशेब चार विमानांसाठी मध्यरात्री, थोड्या वेळात होई. दिल्लीची पिशवी मद्रासच्या विमानात गेली तर पत्र उशिरा पोचे. पण पिशवी योग्य विमानात आणि चुकीच्या जागी गेली तर गोष्ट पत्रावर थांबत नसे. हा हिशेब ज्याने वीस-पंचवीस वर्षे केला त्याच्याबद्दल ‘एअरपोर्टवर होते’ म्हणणे म्हणजे बंडी भरणाऱ्याबद्दल ‘वावरात होते’ म्हणण्यासारखे आहे.

हे लोक रिटायर झाल्यावरही तोल पाहण्याची सवय सुटत नसे, असे त्यांच्या घरांतून हटकून ऐकायला मिळते. एस.टी.च्या टपावर सामान ठेवताना कंडक्टरला सूचना, लग्नाच्या ट्रकमध्ये भांडी कुठे आणि गाद्या कुठे यावर वाद, नातवाच्या स्कूटरला एकाच बाजूला लटकवलेल्या पिशवीवरून बोलणी. पोरे वैतागत. ती भुणभुण म्हणजे कामाचा उरलेला भाग होता, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

घरच्या आठवणीत आणखी एक घोटाळा होतो तो कंपनीच्या नावाचा. रात्रीची टपाल सेवा आधी खासगी कंपन्यांकडे होती. 1953 मध्ये एअर कॉर्पोरेशन्स कायदा झाला आणि 1 ऑगस्ट 1953 पासून डेक्कन एअरवेज, हिमालयन एव्हिएशन, भारत एअरवेज, एअर सर्व्हिसेस ऑफ इंडिया अशा आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स हे महामंडळ उभे राहिले. देशातली वाहतूक या महामंडळाकडे आणि परदेशची एअर इंडियाकडे, अशी वाटणी झाली. 2007 मध्ये दोन्ही एक झाल्या, आणि जानेवारी 2022 मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे गेली. म्हणजे 1932 मध्ये जे. आर. डी. टाटांनी कराचीहून मुंबईला टपाल उडवत आणून ज्या घराण्यात हा धंदा सुरू केला, त्याच घराण्यात. या उलथापालथीमुळे एकाच माणसाच्या ट्रंकेत नेमणुकीचे पत्र एका कंपनीचे, पीएफची चिठ्ठी दुसरीची, असे सापडते. मुले सरसकट ‘एअर इंडियात होते’ असे सांगून मोकळी होतात. जो जन्मभर इंडियन एअरलाइन्समध्ये होता त्याला हे ऐकून राग येत असे. या दोन कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांतली ईर्षा वर्धा आणि नागपूर यांच्यातल्या ईर्षेपेक्षा बरीच कडक होती. असो.

कुटुंबवत्सल हा शब्द या माणसांच्या श्रद्धांजलीत हमखास येतो. तो खरा आहे, पण त्या शब्दाच्या मागे काय होते ते सांगितले जात नाही. रात्रपाळी करणारा माणूस सकाळी घरी येतो तेव्हा मुले शाळेत निघालेली असतात. तो झोपतो तेव्हा घराला आवाज बंद करावा लागतो: रेडिओ हळू, पाट्यावर वाटण नको, दारावरच्या भाजीवाल्याला हाताने खूण. लक्ष्मीपूजनाच्या रात्रीही टपाल निघायचे, तेव्हा पूजा दिवेलागणीलाच उरकून तो निघे आणि फटाके मुले आईबरोबर उडवत. ज्या बायकांनी ही उलटी घड्याळे वर्षानुवर्षे सांभाळली त्यांच्यावर वेगळे भाषण व्हायला हवे. इथे तेवढा वेळ नाही. पासाची गोष्टही अर्धीच सांगता येईल. कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला सवलतीत विमानप्रवास मिळे, पण जागा रिकामी असेल तर. नटूनथटून, डबा बांधून विमानतळावर बसायचे आणि शेवटच्या क्षणी पूर्ण भाड्याचा प्रवासी आला की निमूट स्टेशनवर जाऊन रेल्वेचे तिकीट काढायचे. ते तिकीट काढताना बाप मुलांना काय सांगत असे, ते ज्याने त्याने आपल्या घरी आठवून पाहावे.

या कामात जीव जात. 12 डिसेंबर 1953 रोजी, महामंडळ होऊन चार-साडेचार महिनेच झालेले असताना, सोनेगावहून उडालेले रात्रीच्या सेवेचे डकोटा कोसळले. 13 जण दगावले. वैमानिक तेवढा वाचला. जमिनीवरच्या ज्या माणसांनी त्या विमानाचे ठोकळे काढले, दार लावले, हात दाखवून निरोप दिला, त्यांनी दुसऱ्या रात्री पुन्हा तेच काम केले. घरी त्यांनी काय सांगितले असेल, किंवा सांगितलेच नसेल. डकोटांनंतर स्कायमास्टर आले, पुढे व्हायकाउंट आले, आणि 1970 च्या दशकात ही सेवा बंद पडली. तोवर दिवसा उडणाऱ्या जेट विमानांनी टपाल न्यायला सुरुवात केलेली होती.

1949 मध्ये विशीत असलेला कर्मचारी आज शंभरीच्या घरात असता. सेवेच्या अखेरच्या वर्षांत लागलेलेही आता सत्तरीच्या पुढे आहेत. ही पिढी जाते आहे, आणि गेल्यावर जे होते ते सर्वांना माहीत आहे. पवनारला धाम नदीत अस्थी सोडल्या जातात, तेरवी होते, वर्षाने वर्तमानपत्रात पुण्यस्मरणाची चौकट येते. चौकटीत लिहिलेले असते: प्रेमळ, मनमिळाऊ, कुटुंबवत्सल. शेजारच्या चौकटीत दुसऱ्याच्या फोटोखाली तेच शब्द असतात. फोटोंची अदलाबदल झाली तर मजकुराला काही फरक पडणार नाही. टपालाच्या पिशवीवर पत्ता नसला तर ती कोणत्या विमानात टाकायची? ज्याने आयुष्यभर पिशव्यांवरचे पत्ते वाचले, त्याच्याच नावाखाली पत्ता नसावा, ही गोष्ट घरच्यांना खटकत कशी नाही?

चौकटीत चार शब्द वाढले तर छापायला पैसे पडतात, हे खरे. पण घरात लिहून ठेवायला पडत नाहीत. काम कोणते, कोणत्या साली लागले, कोणत्या विमानांवर केले, बदली कुठे कुठे झाली: सोनेगाव, सांताक्रूझ, डमडम, मीनंबाकम. सोबत कोण होते. इतके मिळाले तरी पुष्कळ. घरात कोणाला ठाऊक नसेल तर त्यांच्याबरोबर अपडाऊन केलेला एखादा म्हातारा वर्ध्यात, सेलूत, सिंदीत अजून असेल, आणि तो विचारण्याची वाटच पाहत असेल. त्याला ‘काका, आमचे आबा कसे होते’ असे विचारू नये. तो म्हणेल, फार चांगले होते, आणि गप्प बसेल. ‘आबांच्या हातात नेमके काय असायचे’ असे विचारावे. मग तो ट्रिम शीटची, टॉर्चची, नाहीतर पान्याची गोष्ट सांगू लागतो आणि चहा दोनदा करावा लागतो.

ट्रंकेतले ओळखपत्र, नेमणुकीचा कागद आणि गणवेशाचे बटण एका जागी ठेवावे. बटणावरच्या खुणेवरून कंपनी ओळखता येते. कागद प्लास्टिकच्या आवरणात चिकटवून घेऊ नयेत, पुढे ते सुटत नाहीत. भिंतीवरचा फोटो एकदा फ्रेममधून काढावा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो, कधी साल असते. त्याखाली मिळालेली माहिती मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावी. बॉलपेन वापरू नये. त्याचा दाब पुढच्या बाजूने चेहऱ्यावर उमटतो.