पट कपाटात जाऊ नयेत

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील पालक, शिक्षक आणि बुद्धिबळप्रेमी यांच्यासाठीच्या व्याख्यानाचा मजकूर)



बारामती हे मोरोपंतांचे गाव. बाबूजी नाईकांच्या आश्रयाने येथे राहून या पंडितकवीने एकाच रामकथेवर 108 रामायणे रचली, असे परंपरा सांगते. त्यांतील ‘निरोष्ठ रामायणा’त ओठाला ओठ लावावा लागेल असे एकही अक्षर नाही. नियम स्वतःच घालून घ्यायचा आणि त्या नियमाच्या कक्षेत बुद्धीला पूर्ण मोकळीक द्यायची, असा तो खेळ होता. शेजारच्या इंदापूरच्या भूमीवर मालोजीराजांनी रणांगणात देह ठेवला. बुद्धी आणि झुंज या दोहोंचा वारसा असलेल्या या तालुक्यांत बुद्धिबळाचे मंडळ कसे रुजावे आणि कसे टिकावे, हा आजच्या चिंतनाचा विषय आहे.

तालुक्याच्या गावात बुद्धिबळाचा आरंभ बहुधा स्पर्धेपासून होतो. एखाद्या रविवारी सभागृहात सतरंज्या अंथरल्या जातात, पट मांडले जातात, सायंकाळी करंडक दिले जातात, छायाचित्रे निघतात. सोमवारी पट कपाटात जातात आणि पुढील वर्षीच बाहेर येतात. यात आयोजकांच्या तळमळीला उणेपणा नाही. उणीव आहे ती वर्षातील उरलेल्या दिवसांची.

वास्तविक बुद्धिबळाची स्पर्धा ही मोठी विचारपूर्वक घडवलेली व्यवस्था आहे. 64 खेळाडू बाद पद्धतीने खेळले, तर पहिल्या फेरीनंतरच 32 जण घरी जातात. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावयाचे ठरवले, तर 2016 डाव होतात. यावर 1895 साली झुरिच येथे जी तोड प्रथम वापरली गेली, ती आज ‘स्विस पद्धत’ म्हणून जगभर रूढ आहे. समान गुण असलेल्यांची गाठ घालावयाची आणि कोणालाही बाद करावयाचे नाही. 6 फेऱ्यांत, 192 डावांत 64 जणांची स्पर्धा पूर्ण होऊ शकते. बावड्याहून किंवा सुप्याहून एस.टी.ने आलेले मूल पहिला डाव हरले, तरी उरलेले पाचही डाव खेळूनच परत जाते. हरलेल्याला पुन्हा पटासमोर बसवणे, हे या पद्धतीचे खरे मोल आहे.

परंतु हरण्याचा अर्थ त्या दिवशी कळत नाही. पुढची फेरी लागलेली असते, घड्याळ चालू होते. डाव का हरला, वजीर कोठे अवेळी बाहेर पडला, कोणते प्यादे उगाच पुढे सरले, हे कळण्यासाठी लिहून ठेवलेला डाव दुसऱ्या दिवशी शांतपणे पुन्हा मांडावा लागतो आणि समोर जाणते माणूस बसावे लागते. हे काम स्पर्धेचे नाही, मंडळाचे आहे. स्पर्धा ही वार्षिक परीक्षा आहे; मंडळ ही रोजची शाळा आहे. शाळा न भरवता परीक्षा घेत राहिल्यास जे होईल, तेच आज पुष्कळ ठिकाणी होत आहे.

याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कृष्णाकाठच्या सांगलीत स्वातंत्र्यपूर्व काळात नूतन बुद्धिबळ मंडळ उभे राहिले. भाऊसाहेब पडसलगीकरांनी या मंडळासाठी आयुष्य वेचले. उन्हाळ्याच्या सुट्टीतील स्पर्धांची परंपरा तेथे दशकानुदशके चालत आली. देशभरचे खेळाडू सांगलीत येऊन खेळले आणि त्यांचे खेळ पाहत स्थानिक मुले घडली. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे या सांगलीच्या कन्यांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले. सांगली ना मुंबई होती, ना पुणे. तेथे होते ते वर्षानुवर्षे उघडे राहिलेले एक दार.

या दारातून मुलींना प्रवेश आहे का, हा प्रश्न प्रत्येक मंडळाने स्वतःला विचारावयास हवा. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या. 1974 साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा वासंतीने जिंकली. 1976 साली अवघ्या तेरा वर्षांच्या रोहिणीने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत पाऊल ठेवले, तेव्हा केवढे वादळ उठले! अखेर जागतिक महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनाच निर्णय द्यावा लागला, की स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळता येणार नाही. 1981 साली हीच रोहिणी आशियाई विजेती झाली. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होती. दोन्ही बाजूंना भारतच होता. या विजयाने दिव्या देशाची 88वी ग्रँडमास्टर ठरली.

खाडिलकर भगिनींपासून दिव्यापर्यंतच्या या वाटचालीत नियमांचे अडथळे दूर झाले. घरातील अडथळे मात्र शिल्लक आहेत. मुलगी दहावीत गेली की पट बंद होतो. सायंकाळी उशीर होतो म्हणून मंडळ सुटते. मुलाच्या बाबतीत पालक विचारतात, “याचे गुण किती मिळतील?” खेळाचे मोल केवळ गुणांत आणि मानांकनात मोजले, की पहिल्या घसरणीलाच खेळ सुटतो. वस्तुतः चूक समोर ठेवून तिच्याकडे न रागावता पाहण्याची सवय, स्पर्श केलेले मोहरे चालवावेच लागते हा दंडक, हरल्यावर प्रतिस्पर्ध्याशी हस्तांदोलन करण्याची रीत, हे संस्कार ग्रँडमास्टर न होणाऱ्या मुलांनाही आयुष्यभर पुरतात. भ्रमणध्वनीवर आज हजारो डाव खेळता येतात. पण तेथे हरल्यावर एका बोटाने नवा डाव सुरू होतो. समोरच्या माणसाच्या डोळ्यांत पाहून “मी हरलो” असे म्हणावे लागत नाही.

मंडळासाठी फार काही लागत नाही. शाळेची एक खोली, दहा पट, चार घड्याळे, डाव लिहिण्याच्या वह्या आणि आठवड्यातील दोन ठरलेल्या सायंकाळी. मुलींना दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचता येईल अशी वेळ असावी आणि एखाद्या आईनेही तेथे बसावे, खेळावे. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, वालचंदनगरच्या कारखान्यात आयुष्य घालवलेला एखादा जुना खेळाडू यांनी पाळीपाळीने येण्याचे व्रत घ्यावे. अवघड आहे ते एवढेच : एकच मूल आले, त्या दिवशीही खोली उघडणे.

म्हणून पुढील स्पर्धेचा फलक रंगवण्यापूर्वी बारामती-इंदापूरच्या कार्यकर्त्यांनी एक किल्ली कोणाच्या तरी हाती सोपवावी. करंडक कोणाला मिळाला, हे लोक विसरतात. मंगळवारी सायंकाळी खोली उघडी होती, हे त्या खोलीत वाढलेले मूल विसरत नाही.